टेबलावरचं वॉटर्लू: अख्खी लढाई मांडायची तर सुरुवात कुठून करायची

लहान पुतळ्यांनी टेबलावर वॉटर्लूची लढाई मांडून खेळायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा पुतळेच घेतात. लाल डगल्यांची एक बटालियन रंगते, मग फ्रेंच क्युरासिए (चिलखती स्वार) रंगतात, कारण चिलखतं चमकतात. वर्षभराने दोनशे देखणे पुतळे कपाटात उभे असतात आणि त्यांना उभं करायला मैदान नसतं. उरलेली लढाई कधीच होत नाही.

हा क्रम उलटा करायचा. आधी जमीन, मग वेळ, मग कागदाचे तुकडे, आणि पुतळे सगळ्यात शेवटी. कॅनी, ऑस्टरलिट्झ, गेटिसबर्ग या स्वप्नातल्या लढायांनाही हाच क्रम लागू पडतो. इथे वॉटर्लू घेतलं आहे, कारण नेपोलियनच्या शेवटच्या पराभवाचा, १८ जून १८१५ चा तो एकच दिवस टेबलावर येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आणतो: चिखल, उताराआड लपलेलं सैन्य, तटबंदीचे वाडे, घोडदळाचे बेभान हल्ले, आणि दुपारनंतर बाजूने येणारी तिसरी फौज, म्हणजे ब्रिटिशांचे मित्र प्रशियन.

जमिनीचं गणित

ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनची फळी साधारण चार किलोमीटर लांब होती. पण तेवढीच जमीन टेबलावर घेतली तर प्रशियन यायला जागा उरत नाही, आणि प्रशियनांशिवायचं वॉटर्लू ही वेगळीच लढाई होते. पश्चिमेला हूगुमोंच्या वाड्यापलीकडे थोडी मोकळी जागा, पूर्वेला पॅरिसचं वन म्हणतात ती झाडी, उत्तरेला मों-सँ-जांची वाडी आणि दक्षिणेला प्लांसन्वा गाव, एवढं सगळं धरलं की सहा किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटर खोल पट्टा होतो.

१ सेंटीमीटर म्हणजे २५ मीटर असं प्रमाण धरा. टेबल २४० × १६० सेंमीचं होतं. यातला १६० चा आकडा महत्त्वाचा आहे. माणसाचा हात टेबलावर वाकून ७५-८० सेंमीपर्यंत पोचतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मधोमध पोचता येईल अशी ही शेवटची मर्यादा. टेबल याहून खोल केलं की लोक कोपर टेकवून पुढे झुकतात आणि पहिल्या तासाभरात हूगुमोंची भिंत मोडते.

नकाशा कोणता घ्यायचा, यात एक सापळा आहे. आजचं मैदान १८१५ चं नाही. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहाच्या टेकाडासाठी (लढाईच्या स्मारकासाठी) लागलेली माती तिथल्याच उंचवट्यावरून खणून काढली. त्यामुळे मुख्य रस्त्यावरच्या चौकाच्या पश्चिमेकडची धार (उंचवट्याचा लांबट कणा) बोथट झाली आणि तिथली खोलगट वाट जवळपास नाहीशी झाली. आजच्या उंचीच्या रेषांवरून मैदान बनवलं तर वेलिंग्टनची सगळ्यात मोठी सोय, म्हणजे धारेमागचा आडोसा, अर्धीच मिळते. म्हणून १८१६ चा क्रानचा आराखडा किंवा त्याआधीचा, १७७० च्या दशकातला फेरारीसचा नकाशा पाया म्हणून घ्या. (सिंहाचं टेकाड हौसेने टेबलावर उभं करणारेही असतात. नेपोलियनला ते दिसलं असतं तर त्याला बरेच प्रश्न पडले असते.)

नकाशावर १ किलोमीटरची जाळी आखा. टेबलावर एक चौकोन ४० सेंमीचा होतो. मग ठळक जागा बसवा. खालची मापं सुरुवातीला पुरतील, पण शेवटचा शब्द नकाशाचा:

- ब्रसेल्स-शार्लरुआ रस्ता: पश्चिम काठापासून साधारण ८० सेंमीवर, उत्तर-दक्षिण.
- ओअँची वाट जिथे या रस्त्याला छेदते तो चौक: मों-सँ-जांच्या वाडीपासून २८ सेंमी दक्षिणेला. पूर्व-पश्चिम जाणारी ही वाट म्हणजेच वेलिंग्टनची धार.
- ला हे सँत: चौकाच्या १० सेंमी दक्षिणेला, रस्त्याला लागून.
- ला बेल आलियांस: चौकापासून सुमारे ५४ सेंमी दक्षिणेला.
- हूगुमों: रस्त्याच्या पश्चिमेला ५० सेंमीच्या आसपास, धारेच्या पुढे उताराखाली.
- पापलोत: रस्त्याच्या पूर्वेला सुमारे ६० सेंमी.
- प्लांसन्वा: ला बेल आलियांसच्या आग्नेयेला सुमारे ५० सेंमी.

एक बेस म्हणजे किती माणसं

दोन्ही बाजूंच्या मोठ्या फौजा अशा होत्या: नेपोलियनकडे सुमारे ७३ हजार माणसं आणि जवळपास अडीचशे तोफा, वेलिंग्टनकडे ६८ हजार आणि दीडशेच्या वर तोफा, आणि संध्याकाळपर्यंत मैदानात आलेले प्रशियन सुमारे ५० हजार. बेस म्हणजे पुतळे चिकटवायची छोटी पट्टी, ती एक तुकडी म्हणून हलते. एक बेस एक बटालियन, असा हट्ट धरला तर दोनशेच्या वर बेस फक्त पायदळाचे होतात आणि एक फेरी खेळायला तास लागतो. वॉटर्लूचे बहुतेक प्रयत्न इथेच, दुपारी दोनच्या सुमाराला, थकून थांबतात.

चालणारं माप असं: पायदळाचा एक बेस १,००० माणसांचा, घोडदळाचा ५०० स्वारांचा, तोफखान्याचा १६ तोफांचा. बेस ४० मिमी रुंद. पायदळासाठी २० मिमी खोली पुरते, घोडदळ आणि तोफांना ३० लागते.

हे माप जमिनीशी जुळतं का ते तपासा, कारण सगळा डोलारा यावरच उभा आहे. ४० मिमी म्हणजे जमिनीवर १०० मीटर. फ्रेंच बटालियन पाचशेच्या आसपास, तीन ओळींत उभी. एका माणसाला खांद्याला खांदा लावून साधारण ५५ सेंमी धरले तर तिची रुंदी ९०-९५ मीटर होते. अशा दोन बटालियन मागे-पुढे म्हणजे आपला एक बेस. ब्रिटिश दोन ओळींत उभे राहायचे, म्हणून त्यांची खरी रुंदी थोडी जास्त भरते, पण एवढा फरक सोडून द्यायचा. वेलिंग्टनची चार किलोमीटरची फळी टेबलावर १६० सेंमी होते. तिच्यात ४० बेस ओळीने बसतात आणि त्याच्याकडे पायदळाचे ५० बेस आहेत. म्हणजे पहिली फळी भरते आणि मागे थोडी राखीव उरते. प्रत्यक्षातही चित्र असंच होतं, तेव्हा माप बरोबर आहे.

एकूण बेस असे:

- फ्रेंच: पायदळ ५०, घोडदळ २९, तोफा १५
- वेलिंग्टन: पायदळ ५०, घोडदळ २४, तोफा १०
- प्रशियन: पायदळ ३८, घोडदळ १४, तोफा ८

फौजेची यादी बनवताना दोन चुका हमखास होतात. पहिली, प्रशियन ‘ब्रिगेड’ या शब्दाची. प्रशियन ब्रिगेड ही इतरांच्या डिव्हिजनएवढी, सहा हजारांच्या आसपास असायची. तिला ब्रिटिश ब्रिगेडच्या मापाने दोन-तीन बेस दिले तर प्रशियन सेनापती ब्यूलोचं सैन्य प्लांसन्वाला पोचण्याआधीच संपतं. दुसरी चूक म्हणजे मैदानात नसलेलं सैन्य उभं करणं. फ्रेंच सेनापती रेईच्या कोरमधली (कोर म्हणजे अनेक डिव्हिजनचा गट) जिरारची डिव्हिजन दोन दिवसांपूर्वीच्या लढाईच्या जागी, लिनीला मागे राहिली होती, लोबोच्या कोरमधली टेस्तची डिव्हिजन दुसरीकडे गेलेल्या मार्शल ग्रुशीबरोबर होती, आणि वेलिंग्टनचे सुमारे १७ हजार लोक पश्चिमेला हालजवळ दिवसभर उभेच होते. छापील यादीत कोरचं पूर्ण संख्याबळ दिसतं. तेच उतरवलं की दोन्ही बाजू फुगतात.

आधी कागद

आता पुतळे नाहीत. जाड पुठ्ठ्याचे ४० × २० आणि ४० × ३० मिमीचे तुकडे कापा, त्यांवर निळ्या, लाल, करड्या पेनने नावं लिहा. जमिनीवर चादर टाका, धारेच्या जागी खाली पुस्तकं सरकवा, रस्ते खडूने काढा आणि लढाई एकदा पूर्ण खेळा. दोन माणसं आणि एक रविवार पुरतो. पुढच्या सात-आठ महिन्यांची मेहनत कुठे वाया जाणार, ते त्या दिवशीच कळतं. मध्यभागी गर्दी होते का, नेपोलियनला हूगुमोंकडे ढुंकूनही बघावंसं वाटत नाही का, प्रशियन वेळेवर पोचतात का. नियम बदलायचे ते इथेच, कारण पुठ्ठा पुन्हा कापता येतो. रंगवलेले तीनशे स्वार कमी करायला मात्र कुणाचा हात धजत नाही.

घड्याळ

एक फेरी म्हणजे अर्धा तास. साडेअकरापासून रात्री साडेआठपर्यंत १८ फेऱ्या होतात. फेरीला २५ मिनिटं धरली तर साडेसात तासांचा खेळ झाला. सकाळी लवकर बसलात तर एका दिवसात बसतो.

एका फेरीत पायदळ ३० सेंमी, घोडदळ ४५, घोड्यांना जुंपलेल्या तोफा २०. आदल्या रात्री मुसळधार पाऊस पडला होता, म्हणून पहिल्या पाच फेऱ्यांत पायदळ २०, घोडदळ ३०, तोफा ८ सेंमीच. तोफांवरचा दंड एवढा कडक ठेवायचं कारण आहे. नेपोलियनने सकाळ वाया का घालवली, हा प्रश्न खेळणारा प्रत्येक जण विचारतो. तोफा ८-८ सेंमी ढकलताना त्याला उत्तर आपोआप मिळतं.

मापं बरोबर आहेत का, याची परीक्षा इतिहासाच्या घड्याळाशी घ्या. फ्रेंच सेनापती देर्लोंच्या कोरला दीड वाजता निघून धारेपर्यंत ४० सेंमी जायचं आहे. चिखलात दोन फेऱ्या लागतात, म्हणजे अडीचच्या आत भिडंत. ब्यूलो साडेचारला पॅरिसच्या वनातून बाहेर पडला. तिथून प्लांसन्वा ८०-९० सेंमी, म्हणजे तीन फेऱ्या आणि सहाच्या सुमाराला गावात मारामारी. दोन्ही जुळतात. न जुळणारी मापं घेऊन खेळ सुरू केलात तर कितीही सुंदर टेबल असलं तरी त्यावरची लढाई दुसरीच कुठली तरी होते.

मैदान बांधणं

पूर्ण टेबल ६० × ८० सेंमीच्या आठ फरशांमध्ये करा, चार रुंदीला आणि दोन खोलीला. एवढी फरशी दारातून, जिन्यातून आणि गाडीच्या मागच्या सीटवरून जाते.

खाली ६ मिमीचा एमडीएफ, त्यावर २० मिमी जाडीचं घट्ट एक्सपीएस फोम. पांढऱ्या दाण्यांचं थर्माकोल टाळा, कारण ते कापताना चुरा उडतो आणि कड कधीच नीट येत नाही. चिकटवायला पीव्हीए (पांढरा) गोंद किंवा फोमसाठीचाच गोंद वापरा. सॉल्व्हंटवाला गोंद फोम वितळवतो. कॅनमधला स्प्रेरंगही तेच करतो, आणि तोही रंग मारून दहा मिनिटांनी, समाधानाने मागे उभं राहून बघत असताना. आधी पातळ पीव्हीए आणि रंगाचे दोन हात ब्रशने द्या, मग काय हवं ते फवारा.

उंचीचं काय करायचं? दोन्ही धारांच्या मधली दरी जेमतेम १५-२० मीटर खोल आहे. आपल्या प्रमाणात ती ६-८ मिमी भरते. तेवढी केली तर डोळ्यांना दिसत नाही आणि कोण कुणाला पाहू शकतं यावर वाद होतात. म्हणून उंची अडीच पट वाढवा. धार दरीपासून २० मिमी वर, तीही ५ मिमीच्या चार थरांत. थरांच्या पायऱ्या चाकूने तिरक्या कापा आणि वर भिंतीला लावायच्या पुट्टीचा पातळ हात द्या. उतार सौम्यच हवा. ६ मिमी उंचीचे पुतळे हलके असतात, पण चढ जास्त झाला की बेस घसरतात आणि खेळाडू त्यांना नकळत दोन सेंमी पुढे ढकलतात.

धारेचा माथा रंगाने किंवा झुडपांच्या रेषेने स्पष्ट दाखवा. ‘माथ्यामागे आहे की नाही’ हा या लढाईतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, त्याला वादाची जागा ठेवू नका.

फरश्या वाकण्याचा त्रास सगळ्यांना होतो. एकाच बाजूला ओली पुट्टी आणि रंग लागला की सुकताना ती बाजू आक्रसते आणि कोपरे वर येतात. एमडीएफच्या खालच्या बाजूलाही त्याच दिवशी रंगाचा एक हात द्या आणि सुकेपर्यंत कडांवर वजन ठेवा. आधीच वाकलेली फरशी नंतर सरळ होत नाही. तिचा मोह सोडा.

मैदानावर राय या गव्हासारख्या धान्याचं पीक उंच उभं होतं. जुन्या टॉवेलचे तुकडे पिवळट तपकिरी रंगवले की या आकारात ते पीक म्हणून छान दिसतात. पण ते चिकटवू नका. सैन्य गेलं की पीक तुडवलं जातं, तेव्हा तुकडा उचलायचा आणि खाली गडद चिखल दिसायचा. संध्याकाळपर्यंत टेबलाचा रंग बदलतो, तो दिसायला सुंदर असतो आणि कोणत्या वाटेने हल्ला झाला हेही सांगतो.

वाडे ही वेगळी डोकेदुखी. ६ मिमीच्या पुतळ्यांसाठीची घरं साधारण १:३०० ची असतात, आपली जमीन १:२५०० ची. मापातलं हूगुमोंचं घर ठेवलं तर त्याची एकटी कोठी अख्खी बाग खाते. यावर उपाय म्हणजे क्षेत्र जमिनीच्या मापाने आखायचं आणि घरं नावापुरती ठेवायची. हूगुमोंचा सगळा परिसर, दक्षिणेचं वन, भिंतीची बाग आणि पूर्वेची फळबाग धरून, साधारण १८ × १८ सेंमी घ्या. त्यात ३ मिमीच्या पुतळ्यांसाठीच्या छोट्या दोन-तीन इमारती आणि बागेची भिंत. ला हे सँत म्हणजे रस्त्याकडेची १०-१२ सेंमीची चिंचोळी पट्टी. प्लांसन्वात चर्च आणि दफनभूमीची भिंत हवीच, कारण तिथेच सगळ्यात चिवट झुंज झाली.

ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम सायबोर्नलाही याच गणिताने छळलं होतं. त्याने ला हे सँतमध्ये आठ महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली आणि १८३८ मध्ये लंडनला आपलं प्रचंड मॉडेल मांडलं. मैलाला नऊ फूट, म्हणजे जवळपास १:५९० चं प्रमाण, आणि सत्तर हजारांच्या वर धातूचे पुतळे. तरीही ते सेंटीमीटरभराचे पुतळे जमिनीच्या मानाने तिपटीने मोठेच आहेत. आज ते मॉडेल लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. प्रशियन किती आणि कुठे दाखवायचे यावरून तेव्हा एवढा वाद पेटला की त्याला बरेच प्रशियन पुतळे काढावे लागले. वॉटर्लूच्या टेबलाभोवती आजही भांडण होतं ते बहुतेक वेळा याच मुद्द्यावर.

पुतळे आणि रंग

या मापाला ६ मिमीचे पुतळे नेमके बसतात. पायदळाच्या बेसवर आठ-आठच्या दोन ओळी, घोडदळाच्या बेसवर सहा स्वार, तोफेच्या बेसवर एक तोफ आणि चार गोलंदाज. मिळून २,७०० च्या आसपास माणसं. बेसमागे सरासरी अर्धा तास धरा. २३८ बेसना सुमारे १२० तास, आठवड्याला चार तास बसलात तर सात महिने. तारीख ठरवून जोडीदार जमवायचे तर हा हिशोब आधी मांडा.

२८ मिमीमध्येही अख्खं वॉटर्लू होतं, नाही असं नाही. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात वीस हजारांहून जास्त २८ मिमी पुतळ्यांनी ते झालं, पण त्यामागे अनेक गटांचे संग्रह एकत्र आले होते.

रंगवण्याचा क्रम: धातूचे पुतळे साबणाच्या पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर साच्याच्या तेलामुळे प्रायमर सोलून निघतो. पुतळ्यांच्या पट्ट्या आइसक्रीमच्या काड्यांवर चिकटवा, एका बैठकीत आठ काड्या. काळा किंवा गडद तपकिरी प्रायमर. मग एकच रंग सगळ्यांवर, दुसरा रंग सगळ्यांवर, असा क्रम. डगला, विजार, चेहरा, पांढरे पट्टे, बंदूक. टोपी काळीच राहू द्या. एका पुतळ्यावर सहा-सात स्पर्शांपेक्षा जास्त वेळ घालवू नका, हातभर अंतरावरून ते दिसत नाही.

रंग खऱ्यापेक्षा दोन छटा उजळ घ्या. एवढ्या लहान आकारात प्रशियनांचा गडद निळा सरळ काळा दिसतो. फ्रेंच निळे, प्रशियन निळे, नेदरलंड्सचे डच-बेल्जियनही निळे, वेलिंग्टनकडच्या जर्मनांपैकी नासाऊवाले हिरवे, ब्रन्सविकचे काळे. प्रत्यक्ष रणातही या गोंधळातून झीटेनच्या प्रशियनांनी संध्याकाळी नासाऊच्या मित्रसैन्यावरच गोळ्या झाडल्या. टेबलावर हे टाळायचं तर बेसच्या मागच्या कडेला रंगीत रेघ द्या: फ्रेंच पिवळी, वेलिंग्टन लाल, प्रशियन पांढरी. बेसच्या तळाला कोरचं नाव. सगळे फ्रेंच पायदळ एकाच निळ्यात रंगवू नका, अनेकांच्या अंगावर ओव्हरकोट होते. तीनपैकी एक ओळ करड्या-तपकिरी ओव्हरकोटात दिली की पटकन जिवंतपणा येतो. झेंडे मापापेक्षा दुप्पट मोठे करा, नजर आधी झेंड्यावर जाते.

मॅट वॉर्निश दमट हवेत फवारू नका. पांढुरकं धुकं धरतं आणि ते परत काढता येत नाही.

बेसच्या तळाला चुंबकी पत्रा आणि डब्यात लोखंडी पातळ पत्रा लावला की नेताना एकही भाला मोडत नाही.

नियम: लढाई वॉटर्लूसारखी होण्यासाठी

बाजारातले कुठलेही ब्रिगेड-पातळीचे नियम चालतील. पण पुढच्या गोष्टी त्यांत नसतील तर घालाव्या लागतात.

बंदुकीच्या गोळीबाराचा वेगळा टप्पा ठेवू नका. शंभर मीटर म्हणजे टेबलावर ४ सेंमी, आणि फेरी अर्ध्या तासाची. एवढ्यात गोळीबार, माघार, पुन्हा चढाई सगळं होऊन जातं. ते भिडंतीच्या फाशांतच आलं असं धरा. तोफांना मात्र स्वतंत्र टप्पा हवा: १६ सेंमीच्या आत दोन फासे आणि ४ किंवा जास्त आले तर लागला, ३६ सेंमीपर्यंत ५ किंवा जास्त. पहिल्या पाच फेऱ्यांत लांबचा मारा ६ वरच, कारण ओल्या जमिनीत गोळा उसळी न मारता रुततो. बेसला तीन घाव बसले की तो टेबलावरून उचलायचा.

धारेच्या माथ्यामागे असलेल्या बेसवर तोफ डागता येत नाही. एवढा एक नियम पाळला तरी वेलिंग्टनचं अर्धं डोकं टेबलावर उतरतं. त्याचे राखीव बेस पुठ्ठ्याच्या कोऱ्या तुकड्यांनी दाखवा, काही तुकडे खोटे ठेवा, आणि फ्रेंच माथ्यापासून ८ सेंमीच्या आत आले की उघडा. देर्लोंच्या खेळाडूला ब्रिटिश सेनापती पिक्टनचं पायदळ तेव्हाच दिसलं पाहिजे.

ब्रिटिश जड घोडदळ भिडंत जिंकलं की फासा टाका. ४ किंवा जास्त आले तर ते थांबत नाही, सरळ पुढे पूर्ण अंतर धावतं, फ्रेंच तोफांपर्यंत. ब्रिटिश घोडदळाचा प्रमुख अक्सब्रिज याच्या दोन्ही जड ब्रिगेडचं दुपारी अडीचच्या आसपास असंच झालं. देर्लोंचा हल्ला मोडला, आणि मग स्वतःही मोडले. हा फासा काढून टाकला की वेलिंग्टनच्या हातात दिवसभर एक अजिंक्य हातोडा राहतो.

चौरस रचनेचा वेगळा पुतळा नको. शत्रूचं घोडदळ १२ सेंमीच्या आत आलं की पायदळ आपोआप चौरसात आहे असं समजा. चौरसावर नुसतं घोडदळ चढलं तर त्याचे फासे अर्धे. पण त्या बेसना हलता येत नाही आणि तोफेचा मारा त्यांच्यावर दुप्पट. चार वाजल्यापासून फ्रेंच मार्शल नेयने मिलो आणि मग केलरमानचं घोडदळ पायदळाशिवाय घातलं, ते का फसलं आणि त्यामागे तोफा-पायदळ असते तर काय झालं असतं, या दोन्हींची उत्तरं या नियमातून मिळतात.

ला हे सँतमध्ये मेजर बारिंगच्या बटालियनकडे (ब्रिटिशांच्या सेवेतल्या जर्मन लीजनची दुसरी लाइट बटालियन) रायफली होत्या आणि त्यांचा दारूगोळा दिवसभरात पुन्हा मिळाला नाही. वाड्यावर सहा खुणा ठेवा. हल्ला झाला की एक काढा. संपल्या की बचावाचे फासे अर्धे. वाडा पडल्यावर फ्रेंच तोफा तिथपर्यंत आणू द्या. संध्याकाळी सहानंतर वेलिंग्टनचा मध्य फाटायला आला तो यामुळेच.

हूगुमोंचं दुखणं वेगळं आहे. खेळाडूला इतिहास माहीत असतो, त्यामुळे तो तिकडे एक बेसही पाठवत नाही. ‘हल्ला करायलाच हवा’ असा नियम घालू नका, लोक चिडतात. त्याऐवजी हूगुमों शत्रूच्या ताब्यात असेपर्यंत त्याच्यापासून २० सेंमीच्या आतून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक फ्रेंच बेसला दर फेरीला एक फासा, ६ वर घाव. आता रेईचा खेळाडू स्वतःच्या बुद्धीने त्या बागेत शिरतो. आणि अडकतो.

प्रशियन कधी येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून नेमकी वेळ फाशावर सोडा. दहाव्या फेरीला ५ किंवा ६, अकराव्याला ३ किंवा जास्त, बाराव्याला नक्की. साडेचारची शक्यता सर्वांत जास्त राहते, पण नेपोलियनला झोप लागत नाही. ब्यूलोच्या दोन ब्रिगेड आधी, बाकीच्या दोन पुढच्या फेरीला, पिर्श प्लांसन्वाच्या दिशेने आणि झीटेन पापलोतच्या बाजूने सोळाव्या फेरीपासून. ग्रुशी येईल असा पर्याय मात्र ठेवू नका. त्याचे ३३ हजार लोक वाव्रला गुंतले होते, आणि तो आला तर तिथल्या प्रशियन कोरचंही काय ते ठरवावं लागतं. दोन लढाया एका टेबलावर मावत नाहीत.

जिंकण्याची अटही घड्याळाशी बांधा. चौदावी फेरी संपायच्या आत ओअँच्या वाटेचा चौक फ्रेंचांकडे असेल आणि तो एक पूर्ण फेरी टिकला, तर मोठा विजय. अठराव्या फेरीअखेर चौक असेल आणि प्लांसन्वाही हातात असेल, तर निसटता विजय. नाहीतर नेपोलियन हरला. यामुळे यंग गार्ड (नेपोलियनच्या खास राखीव दलाचा एक भाग) प्लांसन्वाला पाठवायची की धारेवर, हा खरा पेच खेळाडूसमोर उभा राहतो.

सहा खेळाडू आणि एक पंच हवा. नेपोलियनने आदेश चिठ्ठीवर लिहायचा, नेयला तो पुढच्या फेरीला मिळायचा. मधल्या वेळात नेयने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. टेबलाशेजारी बोलून ठरवायला बंदी. पंचाचं मुख्य काम हेच, नियम सांगणं नंतरचं.

एवढं नको असेल तर

फक्त ला हे सँत घ्या. १२० × १२० सेंमीचं टेबल, २८ मिमीचे पुतळे, एक पुतळा म्हणजे दहा माणसं. सुरुवातीला आत चारशेच्या आसपास लोक होते, म्हणजे ४० पुतळे, आणि बाहेर १२० ते १५० फ्रेंच. वाडा वेगवेगळ्या छपरांचा करा, छप्पर उचललं की आत पुतळे ठेवता आले पाहिजेत. कोठाराचं पश्चिमेकडचं दार मुद्दाम ठेवू नका. ते आदल्या रात्री सैनिकांनी शेकोटीसाठी तोडलं होतं, आणि दिवसभर फ्रेंच तिथेच घुसत राहिले. कोठाराला आग लागण्यासाठी एक फासा ठेवा आणि नासाऊच्या सैनिकांच्या मोठ्या भांड्यांनी पाणी ओतायला एक कृती. बचाव करणाऱ्याकडे दारूगोळ्याच्या दहा खुणा, प्रत्येक फेरीतल्या गोळीबाराला एक. शेवटची खुण गेली की अरुंद बोळातून बागेत आणि मागे धारेकडे निघायचं. प्रत्यक्षात बारिंगबरोबर चाळिसेक लोक उरले होते. या मापात चार पुतळे बाहेर पडले तरी बचाव करणाऱ्याने इतिहासाची बरोबरी साधली.